दिव्याखालचा अंधार

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यास,

पत्राच्या सुरुवातीला 'स.न.वि.वि.' लिहायची आमच्या घरची रीत आहे. तुला लिहिताना ती मोडते आहे. तुला नमस्कार नाही आणि तुझ्याकडे काही विनंतीही नाही. तुला जाब विचारायचा आहे.

तुला एकच काम नेमून दिलं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल हद्दीबाहेर तापलं की लागायचं. दात्यांचं चाक आणि त्याच्या पोटात थर्मामीटर, असं चित्रही तुझ्या कपाळावर कोरलेलं आहे. किल्ली फिरवली की तू दोन-तीन सेकंद उजळायचास, हजेरी लावायचास आणि विझायचास. सहा वर्षं मी त्या हजेरीवर विसंबले. दिवा विझलाय म्हणजे आत सगळं ठीक आहे, असं धरून चालले. आत ठीक नव्हतं. पण नुकसान पुरतं होईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच तुला शिकवलेलं होतं, आणि ते तू चोख केलंस.

बेकरची दुपार तुला आठवत नसेल, मला आठवते. लॉस एंजेलिसहून लास व्हेगासकडे जाणारा आय-१५ हा महामार्ग मोहावी वाळवंटातून जातो. वाटेत बेकर नावाचं छोटं गाव लागतं. चार पेट्रोलपंप, काही खाण्याची ठिकाणं आणि १३४ फूट उंचीचा एक थर्मामीटर. १० जुलै १९१३ रोजी उत्तरेकडच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्या नोंदीची खूण म्हणून अंशाला एक फूट या हिशेबाने १९९१ मध्ये हा खांब उभारला. महामार्गावरून जाता जाता त्यावरचा आकडा वाचता येतो. त्या दुपारी तिथे ११३ होते, म्हणजे आपले ४५. हवा किती तापली आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला कळत होतं. माझ्या पायाखालच्या गिअरबॉक्समध्ये तेल किती तापलंय, हे मात्र गाडी चालवणाऱ्या मला कळायची सोय नव्हती.

आमच्या पिकअपच्या मागे कॅम्पर जोडलेला होता. गाडीत मी, नवरा, दोन मुलं आणि नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेली माझी आई. यूटामधलं झायन राष्ट्रीय उद्यान तिला दाखवायचं होतं. बेकर सोडलं की चढ लागतो. गाव समुद्रसपाटीपासून ९३० फुटांवर, आणि हॅलोरन समिट सुमारे ४,००० फुटांवर. आपल्या घाटासारखी वळणं नाहीत, दरी नाही. सरळ, रुंद, डोळ्यांना सपाट वाटणारा रस्ता, म्हणून तो फसवतो. कडेला पाट्या आहेत, 'इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा'. रेडिएटरमध्ये घालायला पाण्याच्या टाक्याही ठेवलेल्या आहेत. ज्यांनी हा रस्ता बांधला त्यांना चढाची धास्ती होती.

निम्म्या चढावर गिअर अस्वस्थ झाले. चौथा, तिसरा, पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. तू विझलेला. मग वास आला, कढईतली फोडणी करपून काळी पडावी तसा. तू विझलेला. मग इंजिन एकदम ओरडायला लागलं, आरपीएमचा काटा ४,००० च्या वर गेला आणि गाडी मात्र मंदावत चालली. मागून ट्रक हॉर्न देत होते, मुलं घाबरून गप्प झाली होती. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि तेव्हा, पूर्ण थांबल्यावर, तू लागलास. लाल, ठसठशीत, स्पष्ट. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या कडेला समजला.

टो ट्रक येईपर्यंत आम्ही कॅम्परच्या सावलीत बसलो. आईने पदराने वारा घेत विचारलं, "अगं, ताप मोजायला काहीच नव्हतं का गाडीत?" मी म्हटलं, दिवा होता. ती म्हणाली, "दिव्याने ताप कसा मोजणार?" सत्तरीच्या, कधीही स्टिअरिंगला हात न लावलेल्या बाईला जे एका वाक्यात कळलं, ते गाड्या बनवणाऱ्यांना कळत नाही, असं मला वाटत नाही. त्यांना ते चांगलंच कळतं.

गाडी बार्स्टोच्या एका गॅरेजमध्ये गेली. म्हाताऱ्या मेकॅनिकने गिअरबॉक्सचा पॅन उतरवला आणि पांढऱ्या कागदावर तेलाचे चार थेंब सोडले. शेजारी नव्या डब्यातले चार थेंब सोडले. नवं तेल कोकम सरबतासारखं लालचुटूक, आरपार दिसणारं. आमचं तेल उकळून आटलेल्या काळ्या चहासारखं. पॅनच्या तळाला कण पकडायला एक चुंबक असतो. त्यावर राखेसारखा काळा लगदा बोटभर जाड बसला होता. त्याने तो बोटावर घेऊन चोळला आणि माझ्यापुढे धरला. "हे तुमचे क्लच," तो म्हणाला. पुढे प्लेटा काढून दाखवल्या. ज्या पृष्ठभागाने घट्ट पकडायचं, तो काचेसारखा गुळगुळीत झालेला, कडेला पापुद्रे सुटलेले. हे एका दुपारचं काम नाही, असंही त्याने सांगितलं. दर उन्हाळ्यात, दर चढावर थोडं थोडं जळत आलं होतं. म्हणजे सहा वर्षं आत आग धुमसत होती आणि तू सहा वर्षं रोज सकाळी हजेरी लावून झोपत होतास.

त्या आगीचं कारण तुला माहीत आहे. पण हे पत्र उघडं आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे, मधोमध तेलाचा प्रवाह वळवणारा तिसरा लहान पंखा, आणि सगळीकडे तेल. इंजिन पहिला पंखा फिरवतं, तो तेल दुसऱ्यावर फेकतो, दुसरा ती ताकद चाकांकडे नेतो. दोन्ही पंख्यांच्या वेगात जेवढा फरक, तेवढं तेल घुसळलं जातं आणि तापतं. सपाट रस्त्यावर वेग आला की लॉकअप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडतो, फरक संपतो, तेल थंडावतं. पण ओझं घेऊन चढ चढताना, सारखे गिअर बदलताना, गर्दीत रांगताना हा क्लच सुटलेला असतो. गाडी जागची हलत नसेल आणि इंजिन जोर लावत असेल, तर ती सगळी ताकद निव्वळ तेल तापवण्यात जाते. तेव्हा कन्व्हर्टर म्हणजे पेटवलेली शेगडी असते.

आणि हेच तेल ताकद पोचवतं, दाबाने क्लच प्लेटा आवळतं, दात्यांना वंगण देतं, आतली उष्णता बाहेर वाहून नेतं. चार माणसांचं काम एकट्याकडे. ते थकलं की चारही कामं एकदम बसतात.

गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक जुना ढोबळ हिशेब चालत आला आहे. तेल ७९ अंश सेल्सिअसला, म्हणजे १७५ फॅरनहाइटला राहिलं तर ते १ लाख मैल टिकेल. त्यापुढे दर २० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ११ अंश सेल्सिअसला आयुष्य निम्मं. १९५ ला ५० हजार मैल, २१५ ला २५ हजार, २३५ ला १२ हजारांच्या आसपास. २४० च्या पुढे आत राळेसारखा थर धरायला लागतो. २६० च्या पुढे रबरी सील कडक होतात. २९५ ला क्लच प्लेटा घसरू लागतात. ३१५ ला सील आणि क्लच जळतात, तेलाचा कोळसा होतो. आजची सिंथेटिक तेलं यापेक्षा जास्त ताप सोसतात, आणि काही नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट तेल मुद्दाम ९० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो. म्हणजे आकडे गाडीगणिक पुढे-मागे होतात. पण हिशेबाची दिशा बदलत नाही. उष्णता तेलाचं आयुष्य पायरी-पायरीने खाते, आणि प्रत्येक पायरीवर माणसाला काही ना काही करता येतं.

आता तुझी पायरी बघ. बऱ्याच गाड्यांत तुला १३० अंश सेल्सिअसच्या पुढे जाग येते, काहींत थेट १५० च्या सुमाराला. म्हणजे आयुष्य निम्मं, पाव, अष्टमांश होत असताना तू अंधारात, आणि क्लच घसरायच्या बेताला आले की तुझा उजेड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईने हे तिच्या भाषेत सांगितलं. त्या रात्री मोटेलच्या खोलीत ती म्हणाली, "कुकरला सेफ्टी वॉल्व्ह असतो म्हणून कुणी तो उडेपर्यंत भात शिजवतं का? आपण शिट्ट्या मोजतो." दिव्या, तू सेफ्टी वॉल्व्ह आहेस. तुला शिट्टी म्हणून विकलं, आणि मी शिट्टी म्हणून तुझी वाट पाहत राहिले.

तुझी वंशावळ जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत हडसनच्या गाड्यांमध्ये काट्यांऐवजी दिवे बसायला लागले. पुढे बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. काट्यापेक्षा दिवा स्वस्त, जोडायला सोपा, आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका न आणणारा. लोकांनी तुमच्या जातीला 'इडियट लाइट' असं नाव ठेवलं. त्या नावातली शिवी दिव्याला नाही, आम्हाला आहे. गाडी चालवणारा मूर्ख आहे, त्याला आकडा कळणार नाही, काटा हलला की तो घाबरून वर्कशॉपमध्ये तक्रार करत येईल, तेव्हा त्याच्यापासून आकडा लपवा, असं ते गणित आहे. याच गणिताने कित्येक गाड्यांत कूलंटचा काटासुद्धा मधोमध खिळवून ठेवलेला असतो. पाणी वीस-पंचवीस अंशांनी वर-खाली झालं तरी काटा ढिम्म. ज्याला काटा म्हणतात तोसुद्धा तुझाच वेषांतर केलेला भाऊ.

माझा सर्वांत मोठा आरोप पुढे आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या तापमानाचा सेन्सर कारखान्यातच बसवलेला असतो. गिअर कधी बदलायचा, लॉकअप कधी लावायचा, हे ठरवायला गाडीच्या संगणकाला तो आकडा क्षणोक्षणी लागतो. म्हणजे आकडा गाडीत आहे. तारांमधून तो माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून जातो. संगणकाला तो कळतो, तुला कळतो, आणि ज्या बाईच्या हातात स्टिअरिंग आहे, जिची आई आणि मुलं मागे बसली आहेत, तिला फक्त कळत नाही. तू अज्ञानी असतास तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तुला ठाऊक होतं आणि तू बोलला नाहीस.

तुझा एक साथीदारही आहे. 'लाइफटाइम तेल' हा शब्द. प्रवासाच्या महिनाभर आधी मी गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली होती आणि गिअरबॉक्सचं तेल बदला म्हणून सांगितलं होतं. काउंटरवरच्या माणसाने उत्तर दिलं, "हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, आणि दिवा तर लागत नाहीये ना?" तुमच्या दोघांच्या जोरावर त्याने मला परत पाठवलं. जर्मनीची झेडएफ ही कंपनी जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी गिअरबॉक्स बनवते. तिचा सल्ला ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांनी, तेल बदलण्याचा आहे. जो गिअरबॉक्स बनवतो तो तेल बदला म्हणतो आणि जो गाडी विकतो तो आयुष्यभराचं म्हणतो. आयुष्य कुणाचं, हे विचारायला मी तेव्हा विसरले. आता विचारते. तेल खराब होईपर्यंत जगलेल्या गिअरबॉक्सचं आयुष्य धरलं, तर प्रत्येक तेल आयुष्यभराचंच ठरेल.

गिअरबॉक्स पुन्हा बांधून गाडी घरी आली आणि मी ठरवलं की तुझ्या भरवशावर आणखी एक चढ चढायचा नाही. आधी ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटात लावायचं रीडर आणून पाहिलं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना ते सॉकेट असतं. इंजिनचं सगळं दिसलं, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दिसेना. तो आकडा कंपन्या बहुधा आपापल्या खासगी कोडमध्ये ठेवतात, साध्या अ‍ॅपला तो वाचता येत नाही. काही रीडरमध्ये गाडीप्रमाणे कोड भरता येतो. माझ्या गाडीसाठी तेही जमलं नाही. तेव्हा वेगळा मीटर आणला. ५२ मिलिमीटरचा, गोल, काट्याचा, १०० ते ३०० फॅरनहाइट दाखवणारा.

मोठ्या मुलाला घेऊन मी तो घरीच बसवला, दोन रविवार घालवून. सेन्सर कुठे बसवायचा यावर सगळं अवलंबून असतं. कन्व्हर्टरकडून कूलरकडे जाणाऱ्या नळीत बसवला तर सर्वांत गरम तेल दिसतं, काटा क्षणात उसळतो आणि क्षणात उतरतो. पॅनमध्ये बसवला तर पंप जे तेल ओढून घेणार आहे त्याचं तापमान दिसतं, काटा संथ चालतो. दोन्ही खरं सांगतात, फक्त दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. मी पॅन निवडला, कारण वर सांगितलेला हिशेब तिथल्या तेलाला लावायचा असतो. सेन्सरला एकच वायर होती. दुसरं टोक त्याच्या आट्यांमधूनच गाडीच्या धातूला लागतं. मुलाने सवयीने आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि काटा मेल्यासारखा पडून राहिला. टेप सोलून काढली, आटे पुसले, थोडं द्रव सीलंट लावून पुन्हा आवळलं आणि काटा हळूच उठला. वीज फ्यूजबॉक्समधून घेतली, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून. मीटर पुढच्या काचेशेजारच्या खांबावर बसवायचा मोह होता, पण त्या खांबात पडद्याच्या एअरबॅगची वायरिंग आहे. म्हणून तो डॅशबोर्डवर, तुझ्यापासून वितीभर अंतरावर बसवला. सोबत रेडिएटरच्या पुढे हवेवर चालणारा वेगळा ऑइल कूलर लावून घेतला. रेडिएटरमधला कूलर तेलाला कूलंटपेक्षा थंड करू शकत नाही, आणि चढावर कूलंट स्वतःच तापलेलं असतं. मीटर तेल थंड करत नाही. तो फक्त खरं सांगतो. थंड करायचं काम कूलरचं आणि चालवणाऱ्याचं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तोच कॅम्पर घेऊन आम्ही त्याच रस्त्याने गेलो. आई या वेळी नव्हती, ती फोनवर होती. बार्स्टोच्या पुढे सपाटीला काटा १८५ वर. बेकरला १९२. चढ लागला, २०५. चौथा-तिसरा-चौथा हा खेळ सुरू झाला तसा २१४, मग २२३. तू विझलेला होतास. १८५ ला जसा होतास, २२३ ला तसाच. तुझ्यासाठी त्या दोन क्षणांत काही फरक नव्हता, माझ्यासाठी त्यात पुढच्या दहा मिनिटांचा निर्णय होता. मी ओझं ओढताना वापरायचं टो-हॉलचं बटण दाबलं, गिअर तिसऱ्यात धरून ठेवला, एसी बंद केला, उजव्या लेनमध्ये येऊन वेग ताशी ५० मैलांवर आणला. इंजिनचा आवाज वाढला, पण लॉकअप बसला. दोन मिनिटं काटा जागेवर अडला आणि मग उतरू लागला. २१८, २१२, २०८. हॅलोरन समिटला आम्ही २०८ वर पोचलो, म्हणजे ९८ सेल्सिअसला. मुलाने आजीला फोनवर सांगितलं, "आजी, शिट्ट्या मोजल्या."

गेल्या वर्षीही हे सगळं माझ्या हातात होतं. तोच गिअर, तेच बटण, तोच एसी. नव्हता तो फक्त आकडा. दुरुस्तीला गेलेल्या पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

हे अमेरिकेतल्या कॅम्परवाल्यांपुरतं नाही, म्हणून मायदेशी राहणाऱ्यांसाठीही लिहिते. माझा भाऊ नाशिकला असतो. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून परतताना कसारा घाटात ट्रकांच्या रांगेत त्याची ऑटोमॅटिक गाडी तासभर रांगते. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून तो ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर पाय धरून गाडी तोलायचा. मी त्याला सांगितलं, दादा, त्या वेळी तू शेगडी पेटवून बसलेला असतोस. गाडी ब्रेकवर धर. रांग बराच वेळ थांबली तर हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये टाक. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून लगेच सरकू नकोस, दहा हात जागा होऊ दे आणि एकदम जा.

आपली गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे, हेही विचारून घ्यावं. एएमटी असेल तर आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच यंत्र दाबतं, तिथे हा मीटर लागू नाही. कोरड्या ड्युअल क्लचच्या गाडीत तापतात त्या क्लच प्लेटा, तेल नव्हे. सीव्हीटीला तिचं वेगळं तेल लागतं आणि तेही उष्णतेने थकतं. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल, घाट नेहमीचा असेल, वर सामान किंवा मागे ट्रेलर असेल, तर तेलाचं तापमान बघायची सोय करून घ्या. ओबीडी रीडरवर आकडा दिसत असेल तर उत्तम, नसेल तर मीटर बसवा. काटा चढला तर जोर कमी करा, गिअर खालचा धरा. तरी चढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबा, पार्कमध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवा. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि तापलेलं तेल कूलरपर्यंत पोचतच नाही. आणि तेलाची पातळी बघायला जाल तेव्हाही तापमान लागतं. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच नव्या गिअरबॉक्समध्ये तेल ठरावीक अंशांवर असतानाच पातळी खरी कळते. वर्कशॉपने तापमान न बघता पातळी ठीक आहे म्हटलं, तर पुन्हा बघायला सांगा.

दिव्या, तुला मी उपटून टाकलेलं नाही. तू तिथेच आहेस, रोज सकाळी हजेरी लावतोस. शेवटचा पहारेकरी म्हणून राहा, घरात धूर झाल्यावर ओरडायलाही कुणीतरी लागतं. पण घर राखायचं काम तुझ्याकडून काढून घेतलं आहे.

ज्यांनी तुला तिथे बसवलं त्यांना माझं एवढंच सांगणं. सेन्सर तुम्ही आधीच बसवलेला आहे, आकडा संगणकात आधीच आहे, आणि आता बहुतेक गाड्यांत समोर पडदाही आहे. एक ओळ दाखवायला नवा सुटा भाग लागत नाही. तो आकडा आम्हाला दाखवा. गाडी आमची आहे, चढ आमचा आहे, आणि निर्णयही आम्हालाच घ्यायचा असतो.

कळावे. लोभ नाही.

मोहावीच्या चढावर तुझ्या भरवशावर राहिलेली,
एक गाडीवाली